एका तासाची मिळकत

लॅपटॉप जुना झाला की सर्वांत आधी थकते ती त्याची बॅटरी. पडदा ठीक असतो, कळफलक ठीक असतो, पण वीज गेली की तास-दीड तासात मशीन मान टाकते. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याचे चार महिने वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. झाड तारेवर पडले, वारा सुटला, कुठे फ्यूज उडाला, की गाव अंधारात. अशा घरात लॅपटॉपची बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. भरलेली असली तर घर चालते, रिकामी असली तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आम्ही उभयता शिक्षक. एकाची शाळा अंशतः अनुदानित, दुसऱ्याची विनाअनुदानित. पगार किती आणि कधी हे सांगत बसण्यात अर्थ नाही, जाणणारे जाणतात. इन्व्हर्टर घ्यायचा विचार दर उन्हाळ्यात होतो आणि दर जूनमध्ये फी, वह्या-पुस्तके आणि छपराची डागडुजी त्याच्यापुढे उभी राहते. लॅपटॉप एकच, तोही जुना घेतलेला. त्याचे धनी मात्र पाच. आम्हां दोघांना शाळेची ऑनलाइन माहिती भरायची असते, निकालपत्रके करायची असतात. थोरली बी.एस्सी. आय.टी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकटा दहावीला, त्याला गणिताचे व्हिडिओ हवेत आणि त्यातून डोळा चुकवून क्रिकेटही. आणि अम्मी. आमचे भाईजान कुवेतमध्ये नोकरीला आहेत. अम्मींची नजर आता अधू झाली आहे. मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर लेकाचा चेहरा त्यांना नीट दिसत नाही, लॅपटॉपवर दिसतो.

बाजारात चौकशी केली तेव्हा नव्या बॅटरीचा भाव चार हजारांच्या घरात सांगितला गेला. त्याच दुकानात आणखी एक उपाय सुचवला गेला. पाचशे रुपयांत एक प्रोग्राम टाकून देतो, बॅटरी पुन्हा नव्यासारखी होईल. आम्ही नको म्हटले आणि घरी आलो. का नको म्हटले, हे वाचकांना सांगणे आवश्यक वाटते, कारण असे प्रोग्राम विकणारे आणि इंटरनेटवर फुकट वाटणारे पुष्कळ आहेत.

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ साहेब त्या वेळी ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. या बॅटरीत लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे ये-जा करतात. प्रत्येक फेरीत आत थोडी रासायनिक झीज होते. काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि पुढच्या फेरीला उपयोगी पडत नाही. उष्णता जास्त असली आणि बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली राहिली तर ही झीज वेगाने होते. वापरली नाही तरी वयाबरोबर ती होतच राहते. आता विचार करा, रसायनात झालेली ही झीज कोणता प्रोग्राम उलटी फिरवणार? माणसाचे केस पांढरे झाले तर आरशाला कलप लावून भागत नाही.

मग सॉफ्टवेअरचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे. सॉफ्टवेअर तीन कामे करू शकते. बॅटरीची खरी अवस्था सांगते. खर्च कुठे होतो ते दाखवून तो कमी करते. आणि पुढची झीज हळू करते. विशेष म्हणजे यासाठी लागणारी बहुतेक साधने लॅपटॉपमध्ये आधीपासूनच असतात, त्यांना पैसे पडत नाहीत.

पहिले काम तपासणीचे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी असते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत पॉवर हा शब्द, त्याला लागूनच सी-एफ-जी ही तीन अक्षरे, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि बॅटरी-रिपोर्ट हे दोन शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता, टाइप करून एंटर दाबायचे. मशीन एक अहवाल तयार करते आणि तो कुठे ठेवला तेही सांगते. तो ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती ऊर्जा मावत होती, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावते. आमच्या लॅपटॉपचा पहिला आकडा ४५,००० मिलिवॉट-तास होता, दुसरा २७,००० च्या आसपास. म्हणजे साठ टक्के. मडके पाच लिटरचे, पण आता त्यात तीनच लिटर राहतात.

त्याच अहवालात गेल्या काही दिवसांत बॅटरीवर किती वेळ काम झाले आणि किती ऊर्जा खर्च झाली याची यादी असते. एका संध्याकाळी तासाभरात १३,५०० मिलिवॉट-तास गेले होते. २७,००० ला १३,५०० ने भागा, उत्तर दोन. भरलेली बॅटरी दोन तास चालणार. आता मडके मोठे करणे आमच्या हातात नव्हते, पण तोटी बारीक करणे होते. तासाचा खर्च ९,००० वर आणला तर तीच बॅटरी तीन तास चालेल. सातवीच्या मुलांना आम्ही व्यस्त प्रमाण शिकवतो तेव्हा मजूर आणि दिवसांची उदाहरणे देतो. हे उदाहरण त्याहून जिवंत निघाले.

दुसरे काम खर्च शोधण्याचे. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर अँड बॅटरी, आणि त्यात बॅटरी युसेज असा भाग आहे. कोणत्या प्रोग्रामने किती टक्के बॅटरी खाल्ली याचा तक्ता तिथे मिळतो, चोवीस तासांचा किंवा सात दिवसांचा. आम्ही सात दिवसांचा तक्ता काढला. सर्वांत वर ब्राउझर, म्हणजे मुख्यतः धाकट्याचे व्हिडिओ. त्याखाली अम्मींचा व्हिडिओ कॉल. मग आमची शाळेची कामे. थोरलीचा प्रोग्रामिंगचा अभ्यास ज्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो, त्याचे नाव यादीच्या अगदी तळाशी होते. जिच्या अभ्यासासाठी हा लॅपटॉप मुळात घेतला, तिच्या वाट्याला बॅटरीचा सर्वांत लहान तुकडा.

तिला विचारले तर म्हणाली, “मी फजरच्या आधी उठून करते ना. तेव्हा वीज असते आणि कुणाला लॅपटॉप लागत नाही. बॅटरी मला लागतच नाही.”

घराघरांतल्या थोरल्या मुली असेच करतात. मागत नाहीत म्हणून त्यांना लागत नाही असे समजले जाते. तिने कधी तक्रार केली नव्हती. पण पहाटे वीज नसली की त्या दिवशी तिचा अभ्यास नाही, हे त्या तक्त्यावरून स्पष्ट झाले. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तारीख जवळ येत होती आणि एका कंपनीच्या भरतीची ऑनलाइन चाचणीही ठरली होती. त्या रात्री जेवताना घरात ठराव झाला. खर्च कमी करून जो एक तास वाचेल तो थोरलीचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. धाकट्याने तोंड वाकडे केले, पण अम्मींनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि ठराव मंजूर झाला.

मग आम्ही तोटी बारीक करायला बसलो. काय केले ते क्रमाने सांगतो.

सर्वांत मोठा खाऊ पडद्याचा प्रकाश. हलक्या कामात लॅपटॉपच्या खर्चाचा मोठा वाटा पडदाच घेतो. आम्ही प्रकाश ऐंशीवरून चाळीस टक्क्यांवर आणला. रात्री कंदिलाच्या उजेडात चाळीस भरपूर होतो. पडद्यावर काळी पार्श्वभूमी ठेवली की बॅटरी वाचते असे पुष्कळ जण सांगतात. ते ओएलईडी जातीच्या पडद्यावर खरे आहे, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. साध्या एलसीडी पडद्यामागे दिवा पेटलेलाच असतो, तिथे काळ्या रंगाने फारसे काही वाचत नाही.

त्यानंतर पॉवर मोड. त्याच पॉवर अँड बॅटरीच्या पानावर कार्यक्षमता हवी की बचत हवी हे निवडता येते. बचतीच्या पर्यायात प्रोसेसर उगाच धावत नाही. लिहिणे-वाचणे, निकालपत्रक, प्रोग्राम लिहिणे यांत फरक जाणवत नाही. बॅटरी सेव्हर हे आणखी एक बटण आहे. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की तो बहुधा आपोआप सुरू होतो. प्रकाश कमी करतो आणि मागे चालणारी कामे आवरतो. नव्या आवृत्तीत त्याचे नाव एनर्जी सेव्हर आहे. आम्ही वीज गेली की लगेच तो हाताने सुरू करतो. पोते तळाला लागल्यावर काटकसर करण्यापेक्षा ते भरलेले असताना केलेली बरी.

मग बिनबोलावलेले पाहुणे. लॅपटॉप सुरू होताच कितीतरी प्रोग्राम आपणहून सुरू होतात आणि मागे बसून खात राहतात. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप नावाच्या यादीत ते सापडतात. कोणता प्रोग्राम काय करतो हे माहीत असेल तरच तो बंद करावा. व्हायरसपासून बचाव करणाऱ्याला हात लावू नये. आमच्या यादीत गाण्यांचा एक प्रोग्राम, दोन जुने चॅटचे प्रोग्राम आणि एका प्रिंटरचा मदतनीस निघाला. तो प्रिंटर आमच्या घरात कधी नव्हताच.

ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली पानेही झोपत नाहीत, त्यांना झोपवावे लागते. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एनर्जी सेव्हर, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज आणि एफिशियन्सी मोड अशी सोय आहे. धाकट्याला गणिताचे धडे वीज असतानाच उतरवून ठेवायला सांगितले. उतरवलेला धडा वाय-फाय बंद ठेवूनही पाहता येतो. क्रिकेट उतरवून ठेवता येत नाही, ही त्यातली आणखी एक चांगली बाजू.

झाकण लावून ठेवलेला लॅपटॉपही जागा असू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसते. स्लीपमध्ये मशीन डुलकी घेत असते आणि थोडी थोडी बॅटरी खात असते. हायबरनेटमध्ये ते चालू काम डिस्कवर लिहून ठेवते आणि जवळजवळ पूर्ण बंद होते. हा पर्याय विंडोजमध्ये अनेकदा लपलेला असतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन तो दिसता करावा लागतो. आम्ही रात्री झाकण लावले की हायबरनेट होईल असे ठरवून दिले. सकाळी सात-आठ टक्के कमी दिसायचे, ते थांबले.

आता तिसरे काम, पुढची झीज रोखण्याचे. लॅपटॉप दिवसभर वायरला लावून शंभर टक्क्यांवर ठेवला तर बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून बऱ्याच कंपन्या चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय देतात. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये, आसूसच्या माय आसूसमध्ये आणि डेल, एचपी, एसर यांच्याही अनेक मॉडेलांत ती आहे. मर्यादा साधारण ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये चार्जिंग सांभाळून करणारी व्यवस्था मशीनच पाहते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालणाऱ्यांसाठी टीएलपी आणि पॉवरटॉप हे दोन मोफत प्रोग्राम प्रसिद्ध आहेत. पॉवरटॉप इंटेल कंपनीने २००७ साली आणला. कोणता प्रोग्राम प्रोसेसरला सारखा उठवतो, ते तो दाखवतो. टीएलपी एकदा टाकला की मागे राहून बचतीची व्यवस्था पाहतो आणि काही मॉडेलांत चार्जिंगची मर्यादाही घालून देतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकांनी आपल्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट घातले आहे. ते टीएलपीची फार तारीफ करतात.

इथे एक पेच येतो. ऐंशीची मर्यादा घातली तर बॅटरी जास्त वर्षे टिकते, पण आज हाताशी वीस टक्के कमी राहतात. पावसाळ्यात तेच वीस टक्के लागतात. आम्ही मध्यम मार्ग काढला. ऑक्टोबर ते मे मर्यादा चालू. पावसाळ्यात, किंवा देखभालीसाठी वीज बंद राहणार असा संदेश आदल्या दिवशी मोबाईलवर आला की, मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरायची. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवायचा नाही, म्हणजे खालची हवा मोकळी राहते आणि बॅटरी तापत नाही. हा नियम बारा महिने.

अम्मींच्या कॉलचे काय, हा प्रश्न उरला होता. तो त्यांनीच सोडवला. शुक्रवारी भाईजानना सुट्टी असते. कुवेतची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले की तिथे दोन. जुम्मा आणि जेवण आटोपून ते मोकळे असतात. आधी कॉल रात्री आठला व्हायचा, ऐन गर्दीच्या वेळी. आता साडेचारला, वीज असताना, वायर लावून होतो. वीज नसेल तर अम्मी मोबाईलवर नुसता आवाज ऐकतात. “चेहरा पुढच्या जुम्म्याला बघेन,” म्हणतात, “पोरीचं वर्ष पुढच्या जुम्म्याला येत नाही.”

पंधरा दिवसांनी पुन्हा अहवाल काढला. साध्या कामात तासाचा खर्च ९,००० च्या आसपास आला होता. दोन तासांचे तीन तास झाले. चार हजार रुपये न घालता एक तास मिळाला आणि ठरल्याप्रमाणे तो थोरलीला गेला. आता ती रात्री इशानंतर तासभर सलग बसते, वीज असो की नसो.

चाचणीच्या दिवशीचा हिशेब आम्ही आधीच मांडून ठेवला होता. चाचणी नव्वद मिनिटांची, कॅमेरा सतत चालू. कॅमेरा आणि इंटरनेट धरून खर्च जुनाच, म्हणजे तासाला १३,५०० धरला. दीड तासाला २०,२५०. आमच्या २७,००० च्या बॅटरीचे हे बरोबर पंच्याहत्तर टक्के. म्हणजे पहिल्या मिनिटाला वीज गेली तरी पंचवीस टक्के हातात राहणार. बॅटरी शंभर टक्के भरली, बाकी सारे प्रोग्राम बंद केले, आणि वायर लावूनच तिला बसवले. वीज गेली की वाय-फायही जाते, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवला. वीस मिनिटे झाली आणि वीज गेली. बाहेर पाऊस, आत अंधार, पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर. मोबाईलवरून जोडणी पुन्हा मिळाली आणि ती लिहीत राहिली. चाचणी संपली तेव्हा बॅटरी चाळीस टक्क्यांच्या वर होती. निकाल काय लागायचा तो लागेल. पण वीज गेली म्हणून पेपर सुटला, असे तिला आयुष्यभर कुणाला सांगावे लागणार नाही.

नवी बॅटरी आम्ही घेणार आहोत. साठ टक्क्यांचे पन्नास आणि पन्नासाचे चाळीस होणारच, ते कोणत्याही युक्तीने टळत नाही. फक्त ती ऐन फीच्या महिन्यात घ्यावी लागत नाही, सवडीने पैसे बाजूला टाकून घेता येईल. नवी आली की पहिल्या दिवसापासून तिची काळजी घेता येईल. जुनी मात्र उकिरड्यावर टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती दुकानात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यावी. आणि बॅटरी फुगलेली दिसली, लॅपटॉपचे पोट वर आले किंवा टचपॅड उचलला गेला, तर अहवाल आणि टक्केवारी विसरून मशीन बंद करावे. तिला दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. थेट जाणत्या माणसाकडे न्यावी. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर कामाला येत नाही.

वाचकांना एवढीच विनंती की पाचशे रुपयांचा प्रोग्राम घेण्याआधी आपल्याच लॅपटॉपमधला तो फुकटचा अहवाल एकदा काढा. भागाकार मुलांना करू द्या. नंतर बॅटरी युसेजचा तक्ता उघडा आणि यादी वरून वाचण्याऐवजी खालून वाचा. सर्वांत तळाशी घरातल्या कुणाचे काम आहे ते पाहा, आणि जो तास वाचेल तो त्याच्या नावावर लिहा.